वायपरला बाजारात किंमत नाही म्हणाले, आज तोच बिघडला तर कंपन्या हजारो गाड्या परत बोलावतात

जून २०२४ ची गोष्ट. अमेरिकेत टेस्ला कंपनीनं आपल्या सायबरट्रक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. थोड्याथोडक्या नाहीत, तब्बल ११,६८८.

आता तुम्हाला वाटेल बॅटरी पेटत असेल, नाहीतर ब्रेक लागत नसतील. पण भानगड होती समोरच्या काचेवरच्या वायपरची. वायपरची मोटर चालवणाऱ्या भागात गरजेपेक्षा जास्त करंट जात होता. त्यामुळे तो भाग जळून वायपर मध्येच बंद पडण्याचा धोका होता. कंपनीनं मोटर फुकटात बदलून द्यायचं कबूल केलं.

यालाच रिकॉल म्हणतात. गाडी विकून झाली, पैसे मिळाले, गिऱ्हाईक घरी गेलं. तरी गाडीत जिवाला धोका होईल असा दोष सापडला तर कंपनीनं स्वतःहून सांगायचं, गाडी परत घ्यायची आणि स्वतःच्या खर्चानं नीट करून द्यायची.

म्हणजे वायपर ही एवढी महत्त्वाची वस्तू आहे. तो बंद पडला तर जगातल्या बड्या कंपनीलाही गाड्या परत बोलवाव्या लागतात.

पण हाच वायपर सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईंनी शोधून काढला होता, रीतसर पेटंट घेतलं होतं, आणि एका कंपनीला विकायला काढला होता. तेव्हा कंपनीनं काय कळवलं? या वस्तूला बाजारात तशी काही किंमत नाही, आम्हाला नको.

त्या बाईंचं नाव मेरी अँडरसन.

आज त्यांचं नाव शाळेतल्या मुलांच्या पुस्तकांपासून शोधकांच्या यादीपर्यंत सगळीकडे येतं. पण त्यांचं आयुष्य कसं होतं आणि त्यांच्या शोधाचं नेमकं काय झालं, ते जरा सविस्तर बघूया.

अलाबामातली जमीनदाराची मुलगी

मेरी अँडरसन यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८६६ चा. अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा नावाचं राज्य आहे, तिथल्या ग्रीन काउंटीत, बर्टन हिल नावाच्या मळ्यावर त्या जन्मल्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून अजून वर्षही झालं नव्हतं. दक्षिणेकडची राज्यं हरली होती, गुलामगिरी कायद्यानं संपली होती आणि मळ्यांवरची सगळी जुनी व्यवस्था कोसळलेली होती.

मेरी चार वर्षांच्या होत्या तेव्हा, म्हणजे १८७० मध्ये, वडील वारले. मागे राहिल्या आई रिबेका, मेरी आणि बहीण फॅनी. घरात कर्ता पुरुष नाही, पण वडिलांची इस्टेट होती. तिच्या उत्पन्नावर तिघींचं चालत होतं.

१८८९ मध्ये तिघींनी गाव सोडलं आणि बर्मिंगहॅमला आल्या. हे इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम नाही, अलाबामातलं. हे शहर वसलंच होतं १८७१ मध्ये. आजूबाजूला लोखंडाचं खनिज, कोळसा आणि चुनखडी, त्यामुळे कारखाने आले आणि गाव बघता बघता वाढलं. बाहेरून माणसं येत होती आणि त्यांना राहायला जागा हवी होती.

अँडरसन मायलेकींनी हे बरोबर हेरलं. त्यांनी हायलंड अव्हेन्यूवर फेअरमाँट अपार्टमेंट्स नावाची इमारत बांधली आणि घरं भाड्यानं द्यायला सुरुवात केली. तेव्हा मेरीबाईंचं वय होतं तेवीसच्या आसपास.

बरं, बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १८९३ मध्ये त्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला गेल्या. तिथं त्यांनी गुरांचा मळा आणि द्राक्षांची बाग चालवली. एक दोन महिने नाही, चांगली पाच वर्षं. १८९८ मध्ये आजारी मावशीची काळजी घ्यायला त्या बर्मिंगहॅमला परतल्या आणि पुन्हा फेअरमाँटचा कारभार बघू लागल्या.

हे एवढं सांगायचं कारण असं की मेरीबाई म्हणजे सहज सुचलं म्हणून कागदावर चित्र काढणाऱ्या हौशी बाई नव्हत्या. इमारत कशी चालते, दुरुस्तीला काय लागतं, कारागिराकडून काम कसं करून घ्यायचं, हे त्यांना रोजच्या व्यवहारातून माहीत होतं. मात्र इंजिनिअरिंगचं शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं आणि याआधी त्यांनी कुठलाही शोध लावलेला नव्हता.

न्यूयॉर्कची ट्राम आणि बर्फाचा मारा

१९०२ च्या हिवाळ्यात मेरीबाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तेव्हा शहरात फिरायचं साधन म्हणजे ट्राम. आपल्याकडे मुंबईत विजेवर चालणारी ट्राम आली १९०७ मध्ये, पण न्यूयॉर्कमध्ये तिचं जाळं आधीच पसरलेलं होतं.

मेरीबाई ट्राममध्ये बसल्या. बाहेर पाऊस आणि बर्फ मिसळून पडत होतं. असला बर्फ काचेवर पडला की घसरून जात नाही, चिकटून बसतो. बघता बघता ट्रामची समोरची काच आंधळी झाली.

मग ड्रायव्हर काय करायचे? तेव्हाच्या ट्रामच्या समोरच्या काचेचे भाग उघडता यायचे. काच बर्फानं भरली की ड्रायव्हर ती सरळ उघडून टाकायचे. समोरचं दिसायचं, पण बर्फाचा आणि गार वाऱ्याचा मारा थेट तोंडावर. मागे बसलेल्या प्रवाशांनाही हुडहुडी भरायची. नाहीतर दुसरा मार्ग म्हणजे ट्राम थांबवायची, खाली उतरायचं, हातानं काच पुसायची, परत चढायचं आणि थोडं पुढं गेलं की पुन्हा तेच.

हे दृश्य त्या ट्राममधला प्रत्येक माणूस बघत होता. रोज हजारो लोक बघत होते. हिवाळा म्हटला की असं होणारच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

मेरीबाईंनी मात्र साधा प्रश्न धरला. ड्रायव्हरला खाली न उतरता, काच न उघडता, आतूनच बाहेरची काच पुसता आली तर?

ते यंत्र होतं तरी कसं?

बर्मिंगहॅमला परत आल्यावर त्यांनी आराखडा तयार केला. मग एका कारागिराला गाठून त्याचा नमुनाही करून घेतला.

त्यांची रचना समजायला अगदी सोपी आहे. काचेच्या चौकटीतून एक दांडा आरपार जातो. आतल्या बाजूला त्याला मूठ, बाहेरच्या बाजूला एक लांब हात. त्या हाताला रबराची पट्टी. ड्रायव्हरनं आत मूठ फिरवली की बाहेरचा हात काचेवरून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरतो आणि पाणी, बर्फ पुसत जातो.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण खरी मेख आहे दाबात. रबर काचेला नुसतं टेकलं तर पाणी पुसलं जात नाही, फक्त पसरतं. फार जोरात दाबलं तर हात फिरतच नाही. म्हणून त्यांनी स्प्रिंग आणि वजनाचा वापर केला. त्यामुळे रबराची पट्टी काचेवर सगळीकडे सारखी दाबून राहायची. आणखी एक सोय होती. हवा चांगली असेल तेव्हा ते सगळं काढून ठेवता यायचं, म्हणजे गाडीचं रूप बिघडायला नको.

तुमच्या गाडीचा वायपर कधी उचलून बघा. तो उचलताना ओढ लागते आणि सोडला की टपकन काचेवर बसतो. ती ओढ स्प्रिंगची. एका बाजूला फिरणारा हात, रबराची पट्टी आणि ती काचेवर दाबून धरणारी स्प्रिंग, हे आजच्या वायपरचं मूळ गणित मेरीबाईंच्या कागदांत आहे.

१८ जून १९०३ ला त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. योगायोग बघा, त्याच्या बरोबर दोन दिवस आधी, १६ जून १९०३ ला, हेन्री फोर्ड यांच्या फोर्ड मोटर कंपनीची नोंदणी झाली होती. एकीकडे मोटारींचं युग सुरू होत होतं आणि दुसरीकडे त्या मोटारींना पुढं लागणारी वस्तू कागदावर उतरत होती. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता.

१० नोव्हेंबर १९०३ ला मेरीबाईंना पेटंट मिळालं. नंबर ७,४३,८०१. शोधाचं नाव ठेवलं होतं, खिडकी साफ करायचं साधन. गंमत म्हणजे त्यात भर होता तो विजेवर चालणाऱ्या ट्रामसारख्या वाहनांवर. खासगी मोटारी तेव्हा होत्याच किती!

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. काच पुसायचं डोकं त्या काळात फक्त मेरीबाईंनीच चालवलं असं नाही. त्याच १९०३ मध्ये जेम्स हेन्री अॅपजॉन नावाच्या आयरिश वंशाच्या शोधकानं ब्रिटनमध्ये ब्रशवर चालणाऱ्या साधनाचं पेटंट घेतलं होतं. इतरही काही जण प्रयत्नात होते. पण नीट काम करू शकेल असा पहिला वायपर म्हणून आज नाव घेतलं जातं ते मेरी अँडरसन यांचंच.

पेटंट मिळालं, मग पैसे का नाही मिळाले?

पेटंट म्हणजे काय, तर सरकार शोधकाला सांगतं की तुझा शोध कसा चालतो हे जगाला उघड करून सांग, त्या बदल्यात ठरावीक वर्षं दुसऱ्या कुणालाही तो तुझ्या परवानगीशिवाय वापरता येणार नाही. तेव्हा अमेरिकेत ही मुदत होती पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षं. मुदत संपली की शोध सगळ्यांचा.

म्हणजे मेरीबाईंकडे १९०३ ते १९२० एवढा वेळ होता.

१९०५ मध्ये त्यांनी कॅनडातल्या माँट्रियल इथल्या डिनिंग अँड एकनस्टाईन या कंपनीकडे हे पेटंट विकत घेण्याबद्दल विचारणा केली. तिकडून पत्र आलं. विक्रीची जबाबदारी घ्यावी एवढं या वस्तूचं व्यापारी मूल्य आम्हाला दिसत नाही, असा त्याचा अर्थ होता. सभ्य भाषेतला साधा नकार.

त्यानंतर मेरीबाईंनी हा विषय फारसा पुढं नेला नाही.

आज आपण सगळे त्या कंपनीला हसतो. पण १९०५ मध्ये जाऊन बघितलं तर तिचा हिशेब एकदम वेड्यासारखाही नव्हता.

पहिलं कारण म्हणजे मोटारीच नव्हत्या. १९०३ मध्ये अख्ख्या अमेरिकेत नोंद झालेली मोटार वाहनं होती सुमारे ३३ हजार. सर्वसामान्यांच्या हातात गाडी देणारं फोर्डचं मॉडेल टी यायला १९०८ साल उजाडायचं होतं.

दुसरं कारण, होत्या त्या गाड्या उघड्या होत्या. वर कापडाचं छप्पर, बाजूंना काही नाही आणि अनेक गाड्यांना समोर काचही नाही. वेगही बेताचा. पाऊस आला तर गाडीत बसलेला माणूस तसाही भिजणारच होता, मग एकटी काच कोरडी ठेवून करायचं काय? अमेरिकेत १९१९ पर्यंत विकल्या जाणाऱ्या दहा गाड्यांतली जेमतेम एक बंद केबिनची असायची. १९२७ येईपर्यंत हेच प्रमाण दहात आठच्या वर गेलं. आत कोरडं बसून गाडी चालवायची सवय लागली आणि मग काचेबाहेरचा पाऊस ही खरी अडचण झाली.

आता प्रश्न उरतो ट्रामचा. ट्राम तर भरपूर होत्या, त्यांना काचा होत्या आणि त्रासही डोळ्यांसमोर होता. मग ट्रामवाल्यांमुळे तरी वायपर का चालला नाही?

इथंच या गोष्टीतली खरी गाठ आहे. काचेवरच्या बर्फाचा त्रास व्हायचा ड्रायव्हरला. धोका असायचा प्रवाशांना आणि रस्त्यावरून चालणाऱ्यांना. पण वायपर विकत घ्यायचा होता ट्रामच्या मालकांना. ज्याला त्रास होतो त्याच्या हातात पैसे नाहीत आणि ज्याच्या हातात पैसे आहेत त्याच्या तोंडावर बर्फ पडत नाही. ड्रायव्हरनं काच उघडली की काम भागत होतं, तेही फुकटात. अशी वस्तू कोणी घ्यावी, असं सांगणारा कायदाही तेव्हा नव्हता.

आणि एक कारण असं, जे आकड्यांत मांडता येत नाही. मेरीबाई अविवाहित होत्या. वडील नाहीत, नवरा नाही, मुलगा नाही. दक्षिणेतल्या एका शहरात राहणारी बाई स्वतःच्या नावावर यंत्राचं पेटंट घेऊन व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार करते, हे तेव्हा किती जणांनी गांभीर्यानं घेतलं असेल? त्यांच्या घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनाही हेच वाटत आलंय, की हाताशी कुणी पुरुष नसल्यामुळे त्यांचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही.

मुदत संपली आणि बाजार उघडला

१९२० च्या नोव्हेंबरमध्ये पेटंटची मुदत संपली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत १९ वी दुरुस्ती झाली आणि बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला. म्हणजे मेरीबाईंकडे पेटंट होतं त्या जवळपास सगळ्या काळात देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. अधिकार आला आणि पेटंट गेलं.

आणि बाजार? तो आत्ता कुठं जागा झाला होता. १९०३ मधल्या ३३ हजार गाड्यांचा आकडा १९२० मध्ये ९० लाखांच्या पुढं गेला होता.

१९२२ मध्ये कॅडिलॅकनं आपल्या गाड्यांना वायपर कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. हळूहळू बाकीचे कारवालेही त्या वाटेनं गेले. मेरीबाईंना यातून एक डॉलरही मिळाला नाही. कायद्यानं मिळायचा प्रश्नच उरला नव्हता.

याच काळात दुसऱ्या लोकांनी वायपर पुढं नेला. बफेलो शहरातल्या जॉन ऑइशाई यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. ते नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते. १९१७ मध्ये एका पावसाळी रात्री गाडी चालवताना काचेतून दिसलं नाही आणि एका सायकलवाल्याला त्यांच्या गाडीची धडक बसली. सायकलवाला थोडक्यात बचावला, पण ऑइशाई हादरले. त्यांनी काच पुसायच्या रबरी साधनाचा शोध घेतला आणि ते बनवणारी कंपनी उभी केली. पुढं ट्रायको नावानं ती वायपरच्या धंद्यातली मोठी कंपनी झाली.

त्याच १९१७ मध्ये शार्लट ब्रिजवूड नावाच्या आणखी एका बाईंनी विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट घेतलं. त्यात रबरी पट्टीऐवजी रोलर होते. त्यांचा वायपरही बाजारात चालला नाही. त्यांची मुलगी फ्लॉरेन्स लॉरेन्स म्हणजे मूकपटांच्या काळातली अमेरिकेतली गाजलेली नटी.

म्हणजे दोन बायकांनी दोन वायपर शोधले आणि दोघींच्याही हाती काही लागलं नाही.

नंतर आले इंजिनच्या हवेच्या ओढीवर चालणारे वायपर. त्यांचा घोटाळा असा होता की घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की ती ओढ कमी व्हायची आणि वायपर मंदावायचे. नेमकं जेव्हा नीट दिसायला हवं तेव्हाच वायपर दमायचे! शेवटी विजेच्या मोटरीवरचे वायपर आले आणि ही कटकट मिटली.

रिमझिम पावसात थांबून थांबून फिरणारा वायपर रॉबर्ट कर्न्स यांनी १९६० च्या दशकात बनवला. त्यांची कथा मेरीबाईंच्या बरोबर उलटी. त्यांची कल्पना कार कंपन्यांनी वापरली, पण पैसे दिले नाहीत, म्हणून ते वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. १९९० मध्ये फोर्डनं त्यांना एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम देऊन प्रकरण मिटवलं. मेरीबाईंना मात्र भांडायला जागाच नव्हती. त्यांचा शोध कुणी चोरला नव्हता. लोकांनी तो नाकारला, मुदत संपेपर्यंत वेळ गेला आणि मग सगळ्यांनी रीतसर वापरला.

बाईंचं पुढं काय झालं?

मेरीबाई यामुळे खचून गेल्या, हलाखीत मेल्या, असं काही झालं नाही. त्या बर्मिंगहॅममध्येच राहिल्या. फेअरमाँट अपार्टमेंट्सचा कारभार त्यांनी म्हातारपणापर्यंत सांभाळला. त्यांनी पुन्हा कुठलं पेटंट घेतल्याची नोंद नाही.

जरा कल्पना करा. १९२० नंतरची तीसहून जास्त वर्षं त्या जिवंत होत्या. पावसाच्या दिवशी त्यांच्या दारासमोरून जाणाऱ्या गाड्यांच्या काचांवर वायपर फिरत असणार. ते बघणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असेल की याची सुरुवात या घरमालकीणबाईंनी केली होती.

२७ जून १९५३ ला टेनेसी राज्यातल्या माँटीगल इथं, उन्हाळ्यात राहायच्या त्यांच्या घरी, मेरीबाई वारल्या. वय ८७. बर्मिंगहॅमच्या एल्मवुड दफनभूमीत त्यांना पुरलं.

२०११ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव घेतलं गेलं. पेटंट मिळाल्यानंतर १०८ वर्षांनी आणि त्या गेल्यानंतर ५८ वर्षांनी.

मग रिकॉलचा यात संबंध काय?

संबंध असा की मेरीबाईंच्या पत्राला उत्तर देणाऱ्या कंपनीनं एकच प्रश्न विचारला होता. हे विकलं जाईल का?

पुढं गाड्या वाढल्या, वेग वाढला, अपघातात माणसं मरायला लागली. तेव्हा लक्षात आलं की काही वस्तूंच्या बाबतीत हा प्रश्न पुरत नाही. वायपर नसलेल्या किंवा बिघडलेल्या गाडीचा धोका फक्त ती घेणाऱ्याला नसतो. शेजारच्या सीटवरच्या माणसाला असतो, समोरून येणाऱ्या गाडीला असतो, रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी पोरालाही असतो. त्यांना कुणी विचारून गाडी घेत नाही.

म्हणून १९६६ मध्ये अमेरिकेनं वाहन सुरक्षेचा कायदा केला. त्याखाली १९६८ पासून वायपरसाठी स्वतंत्र नियम लागू झाला. वायपरला किमान दोन वेग हवेत. वेगवान फिरणारा मिनिटाला किमान ४५ फेऱ्यांचा हवा आणि सावकाश फिरणारा किमान २० फेऱ्यांचा. काचेचा किती भाग पुसला गेला पाहिजे, हेही ठरवून दिलं. आणि त्याच कायद्यानं सुरक्षेत दोष निघाला तर गाडीमालकांना कळवायची जबाबदारी कंपनीवर टाकली. पुढं १९७० च्या दशकात कायदा आणखी कडक झाला आणि दोष फुकट दुरुस्त करून देणंही बंधनकारक झालं. सायबरट्रकच्या मालकांना फुकट मोटर मिळते ती याच कायद्यामुळे.

आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियमांत वायपर बंधनकारक आहे. रिकॉलचं म्हणाल तर २०१२ पासून भारतातल्या वाहन कंपन्या स्वतःहून रिकॉल करायच्या, पण तो त्यांचा आपसातला नियम होता. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, कलम ११० अ आलं आणि गाड्या परत बोलवायला लावायचा अधिकार सरकारला मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागतात आणि सरकारनं सांगूनही रिकॉल केला नाही तर कंपनीला दंड होऊ शकतो.

त्यामुळे पावसाळ्यात घाटात शिरायच्या आधी दोन गोष्टी करा. वायपरचं रबर कडक झालंय का ते बघा, कारण ते उन्हानं खराब होतं, तो कंपनीचा दोष नाही. ते बदलायला फार पैसे लागत नाहीत. आणि मोटरच अडखळत असेल, वायपर मध्येच थांबत असेल, तर गाडीचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा की या मॉडेलला काही रिकॉल आहे का. असेल तर दुरुस्ती फुकट करून मिळते.

१९०५ मध्ये ज्या वस्तूला किंमत नव्हती, तिच्यासाठी आज कायदा आहे, दंड आहे आणि फुकट दुरुस्तीचा हक्कही आहे. मेरी अँडरसन यांना या सगळ्यातून काहीच मिळालं नाही. पण त्या दिवशी ट्राममध्ये त्यांनी ड्रायव्हरच्या तोंडावर उडणारा बर्फ बघितला आणि ते आपलंही काम आहे असं मानलं, त्याचा फायदा आज पावसात गाडी चालवणारा प्रत्येक जण घेतोय.